तिसऱ्या दिवसाची बैठक

आईनं आयुष्यात कधी साक्ष दिली नव्हती. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत उपासना चालू असताना एखादं माणूस उभं राहतं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतं, तिला साक्ष म्हणतात. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) साक्ष द्यायला उठायचे ते मास्तर, नर्सबाई, पुण्याहून सुट्टीला आलेले लोक. आई देऊळ झाडायची. शनिवारी झाडून सतरंज्या घालायची आणि रविवारी दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायची. तिला तिथं कुणी बसवलं नव्हतं. पण तिथून कुणी उठवलंही नाही.

त्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते, कारण मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? बी.कॉम., पहिला वर्ग. आता विमा कंपनीत अधिकारी आहे, नवरा लष्करात आहे, आणि दोघांच्या बदल्या कशाबशा जुळवून आम्ही जयपूरला आलो. ऑफिस तिथल्या झालाना भागात. हिंदी माझं चांगलं आहे. ऑफिसात उत्तर प्रदेशचे लोकसुद्धा माझ्याकडून पत्रं तपासून घेतात.

आई हिवाळ्यात महिनाभर राहायला म्हणून आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या छातीत दुखू लागलं. गावात याला गॅस म्हणाले असते. इथं थेट ऑपरेशन झालं, छाती उघडून. ते दिवस कसे गेले ते मी लिहीत बसत नाही. ती वाचली. घरी आली, हळूहळू स्वतःच्या हातानं वेणी घालू लागली, आणि एके सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "मला मंडळीत उभं ऱ्हायचंय."

"कशाला?"

"साक्ष द्यायचीय. शब्द दिलाय मी."

"कुणाला?"

"ज्याला दिलाय त्याला ठाऊक. तुला काय करायचंय?"

मी म्हटलं, गावी गेलीस की दे. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलीय, पुढच्या आठवड्याचं तिकीट आहे. तिनं कप खाली ठेवला.

"गावात मपल्या तोंडातून शब्द फुटायचा न्हाई. तिथं सगळे मला वळखत्यात. झाडणारी बाई काय बोलती म्हनून बगत ऱ्हातील. हितं मला कोण वळखतंय? हितं जमंल."

"आणि इथंही नाही जमलं तर?"

"न्हाई जमलं तर न्हाई. मग मी खोटी पडले, येवढंच."

हे ती अगदी सहज म्हणाली. आई रडली असती, हट्ट धरला असता, तर मी समजूत घातली असती. पण खोटी पडले म्हणून ती गाडीत बसली असती आणि पुन्हा कधी विषय काढला नसता. मरेपर्यंत मनात ठेवला असता. मी ओळखते तिला.

तर जागा पाहिजे होती, आणि जागा नव्हती. शहराच्या मध्यावरच्या जुन्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा दुपारी आमची मराठी उपासना व्हायची. लष्करातली कुटुंबं, एक बँकवाले, एक सिस्टर, आम्ही, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारे एक निवृत्त सुभेदार काका. पण चर्चचं छप्पर उतरवलेलं होतं, आत बांबूच बांबू. हिंदी मंडळी सकाळी एका शाळेत जमायची, पण दुपारी शाळेत क्लास असायचे. घरी घ्यावं, तर सोसायटीचे सेक्रेटरी आधीच हात जोडून सांगून गेले होते, "मैडम, आप लोग बहुत अच्छे हैं, पर गाना-बजाना मत रखिए. आजकल लोग बातें बनाते हैं." शिवाय आईला घर नकोच होतं. "घरात तर मी रोजच बोलते," म्हणायची. "मंडळी पायजे."

दोन हॉलवाल्यांकडे गेले. मी लपवून काही सांगत नाही, माझा तो स्वभाव नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत, भजनं होतील, वाचन होईल, तासा-दीड तासाचं काम आहे. पहिल्यानं ऐकून घेतलं आणि डायरी न उघडताच म्हणाला, "बुक है." दुसरा निदान खरं बोलला. म्हणाला, "माहौल आप जानती हैं."

मग कुणीतरी परकोट्यातली एक धर्मशाळा सुचवली. परकोटा म्हणजे तटाच्या आतलं जुनं शहर. शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून गेले. लाखेच्या बांगड्यांची आणि गोट्याच्या जरीकिनारीची दुकानं ओलांडून एक गल्ली, गल्लीत मोठा दरवाजा, आत चौक आणि चौकापलीकडे लांबट हॉल. तिथले व्यवस्थापक साठी उलटलेले गृहस्थ. सगळे त्यांना मुनीमजी म्हणत होते. चहा पीत बसले होते.

"मुझे एक प्रार्थना सभा रखनी है," मी म्हणाले. "मेरी माँ के लिए."

त्यांनी चहा खाली ठेवला आणि चक्क उठून उभे राहिले.

"अरे. क्या हुआ था माताजी को?"

"दिल का ऑपरेशन."

"बहुत तकलीफ हुई होगी."

"बहुत," मी म्हणाले. "पर अब कोई तकलीफ नहीं है. अब शांति है."

"प्रभु की इच्छा."

"जी. प्रभु की ही." मला बरं वाटलं. किती समजूतदार माणूस! तरी आधीचे अनुभव होते, म्हणून स्पष्टच सांगितलं, "हम लोग ईसाई हैं. बाद में कोई बात ना हो, इसलिए पहले बता रही हूँ."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, ऐसे काम के लिए हम किसी को मना नहीं करते. किसी को भी नहीं. कब रखनी है?"

"परसों. रविवार को."

"हाँ, परसों ही बनेगा," ते म्हणाले. "आप कुछ मत सोचना, बिछायत हम करवा देंगे. बस फोटो ले आना. माताजी की, बड़ी वाली. और हिम्मत रखो."

मी रस्त्यावर आले तेव्हा डोळे भरून आले होते. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला तेवढं फोटोचं कळेना. मग म्हणाला, "फ्लेक्स लावत असतील. इथं काय, शाळेत पहिला आला तरी चौकात फ्लेक्स लागतो." आई म्हणाली, "मपला फोटो रस्त्यावं? काय नगं." म्हणून फोटो न्यायचा नाही असं ठरलं.

रविवारी आम्ही लवकर पोचलो. नवऱ्यानं घडीचं टेबल आणलं होतं. सुभेदार काका स्कूटरवरून आले, पायांशी टॉवेलात गुंडाळलेला लाकडी क्रूस. जागा कुठलीही असो, टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर तो क्रूस ठेवला की आमचं देऊळ झालं. फार काही लागत नाही आम्हाला.

आत गेलो तर सगळं तयार! भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्याशुभ्र चादरी, कडेला लोड, एका बाजूला म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. आणि समोर छोट्या चौथऱ्यावर एकच खुर्ची, पांढरं कापड घातलेली, पाठीला झेंडूची माळ, पुढं उदबत्ती आणि पितळी ताटात गुलाबाच्या पाकळ्या. मी थक्क झाले. मुनीमजी कुठं दिसत नव्हते, नाहीतर तिथंच आभार मानले असते.

चौक ओलांडूनच आईला दम लागला होता. "ही खुर्ची कुणाची?" तिनं विचारलं.

"तुझीच असणार. तुझ्यासाठीच सभा आहे म्हणून सांगितलंय मी."

"आन् फुलं कशापायी?"

"आत्या, राजस्थान आहे," माझा नवरा म्हणाला. सासूला तो आत्याच म्हणतो. "इथं पाहुण्यांचं असंच करतात. बसा."

आई बसली. पदर सारखा केला, पाय जुळवून घेतले. आणि तिथूनच हुकूम सोडायला लागली. टेबल तिरकं लागलंय. कापडाची एक बाजू लोंबतीय. त्या कोपऱ्यात कोळिष्टक आहे, झाडू कुठाय? "उठायचं नाही," मी दटावलं. "झाडूला हात लावलास तर इथूनच परत नेईन." ती गप्प बसली, पण नजर कोपऱ्यावरच.

मंडळी येऊ लागली. "सलाम", "सलाम", आमचं नेहमीचं. नगरकडच्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलामच म्हणतात. दारात पाणी भरणारा माणूस ते ऐकून चमकून बघत होता. पेटी लागली, टाळ आले, सुभेदार काकांनी पहिलं गीत धरलं. आमची गीतं कशी असतात ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. चाल अभंगाची, टाळ भजनाचे. डोळे मिटून ऐकलं तर फरक कळायचा नाही.

दुसऱ्या कडव्याला पहिला अनोळखी माणूस आत आला. पांढरा कुर्ता, पन्नाशीचा. चपला काढून सरळ पुढं गेला, ताटातल्या चार पाकळ्या उचलून आईच्या पायांशी टाकल्या, हात जोडले, मान खाली घालून क्षणभर उभा राहिला आणि मागं जाऊन बसला. त्याच्यामागून दोघं आले. मग तीन बायका, फिकट ओढण्या, डोक्यावरून पदर. सगळ्यांचं तेच. पाकळ्या, हात, खाली मान. आई प्रत्येकाला बसल्या बसल्या "सलाम" म्हणत होती. एका बाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "धीरज रखो, बाईसा."

आईनं मला खूण केली. मी वाकले.

"काय म्हनती?"

"धीर धरा म्हणतात."

"आता कशाचा धीर? ऑपरेशन झालं की."

"अगं, चांगुलपणानं म्हणतात. आजूबाजूचे दुकानदार दिसताहेत."

"लई माया करत्यात गं," आई म्हणाली. "पर पायावं फुलं नगं टाकू म्हनावं. मी काय देव हाय?"

खरं सांगते, मला त्या वेळी फार भरून आलं होतं. दोन ठिकाणांहून नकार घेऊन आलेली मी, आणि इथं परकोट्यातले व्यापारी दुकानं नोकरांवर सोडून माझ्या आईसाठी येऊन बसताहेत. जयपूरबद्दल मनात जे काही कडू साठलं होतं ते सगळं मी त्या पहिल्या गीतातच माफ करून टाकलं.

दुसरं गीत चालू असताना नवरा बसल्या बसल्या सरकत माझ्यापर्यंत आला. चेहरा विचित्र झालेला.

"तू नेमकं काय बुक केलंयस?" कानात म्हणाला.

"प्रार्थना सभा. का?"

"माझ्या शेजारच्यानं आत्ता विचारलं, माताजी की उमर क्या थी."

"मग? अडुसष्ट सांगायचं."

"सांगितलं. पण 'थी' म्हणाला तो. थी!"

मी आईकडं पाहिलं. पांढरी खुर्ची. पाठीला झेंडू. उदबत्ती. पाकळ्या. मागं मान खाली घालून बसलेली गल्ली.

"इथं प्रार्थना सभा म्हणजे शोकसभा," नवरा म्हणाला. "माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी बसतात ना, तीये की बैठक, तीच. मी विचारून घेतलं. मुनीमजींनी गल्लीभर सांगितलंय. त्या खुर्चीवर फोटो ठेवायचा असतो."

आम्ही ख्रिस्ती लोक दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना सभा घेतो. बारशाला घेतो, नोकरी लागली की घेतो. माझ्या डोक्यात दुसरा अर्थ आलाच नाही. मुनीमजींच्या डोक्यात तरी कुठून यावा? माँ के लिए. ऑपरेशन. अब शांति है. परसों. एकेक शब्द आठवत गेला.

तेवढ्यात मुनीमजी आलेच. स्वच्छ धोतर, खांद्यावर गमछा, हात जोडलेले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेटा, फोटो नहीं आया?" आणि खुर्चीकडं बोट करून, "वहाँ मौसीजी बैठ गईं क्या? उन्हें इधर बिठा देते हैं."

"मुनीमजी," मी म्हणाले, "वो मौसी नहीं हैं. माँ हैं."

"किसकी?"

"मेरी."

"जिनकी..."

"जी."

आईनं तिथून त्यांना सलाम केला. मुनीमजींचा हात तापलेल्या तव्याला लागावा तसा मागं गेला. ते तरातरा चौथऱ्याकडं गेले, आईच्या पाठीमागची माळ ओढून काढली, उदबत्ती चिमटीत विझवली आणि मला बाहेर चला अशी खूण केली. आत सुभेदार काकांनी परिस्थिती ओळखली नसावी, पण काहीतरी बिनसलंय एवढं ओळखलं. गीत संपत आलं होतं, त्यांनी पुन्हा पहिल्या कडव्यापासून धरलं.

चौकात मुनीमजी नुसते उभे होते. 

"मैंने झूठ नहीं बोला था," मी म्हणाले.

"नहीं बेटा. झूठ तो किसी ने नहीं बोला." त्यांनी कपाळ पुसलं. "जीती-जागती माँ को मैंने उस कुर्सी पर... कितना बड़ा अपशगुन हुआ मुझसे."

"आम्ही मानत नाही," मी घाईत मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत सांगितलं.

"आप ना मानो, मैं तो मानता हूँ." मग म्हणाले, "और दूसरी बात. बाहरवालों को ये हॉल सिर्फ बैठक के लिए मिलता है. उसमें कोई कुछ नहीं पूछता. बाकी प्रोग्राम के लिए कमेटी से पूछना पड़ता है. और आप लोगों का... कल को कोई कुछ बोल दे तो मैं क्या जवाब दूँगा? बुरा मत मानना. धीरे-धीरे सामान समेट लो."

ते वाईट माणूस नव्हते. घाबरले होते, आणि त्या भीतीला कारण होतं. मला वाद घालता आला असता, वाद घालायला मी भीत नाही. पण वाद घालून जागा मिळाली असती तर तिथं आईला काय बोलता आलं असतं? आतून टाळ ऐकू येत होते. दोन दिवसांनी गाडी होती. खोटी पडले, येवढंच.

"काय झालं?"

आई भिंत धरत धरत बाहेर आली होती, मागं नवरा. "गाणी सपंना गेली. मला कवा बोलवायचं?"

मी तिच्याशी कधी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशनच्या आधीसुद्धा छाती उघडणार म्हणून सरळ सांगितलं होतं. म्हणून आत्ताही सांगून टाकलं. "आई, यांची समजूत झाली की तू गेलीस. इथं माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी बैठक बसते. त्यांनी ती बैठक म्हणून जागा दिली होती. ते लोक भेटायला आले होते ते तुझ्या मरणाला."

आई म्हणाली, "म्हनून फुलं व्हय!"

"हो."

"तिसऱ्या दिवशी?"

"हो. तीये की बैठक म्हणतात."

आईनं मुनीमजींकडं पाहिलं. बिचारे जमिनीकडं बघत होते. "मग एवढं त्वांड पाडायला काय झालं त्यांला? सांग त्यांला, आपल्यात तिसऱ्या दिवशी उठत्यात म्हनावं."

नवरा फसकन हसला आणि लगेच तोंडावर हात धरून मागं फिरला. मी हिंदीत सांगितलं, "माँ कह रही हैं, हमारे यहाँ तीसरे दिन उठते हैं."

मुनीमजींना अर्थ लागायला वेळ लागला. "तीसरे दिन... उठते हैं?"

"जी. हमारे प्रभु उठे थे."

"और माताजी भी?"

"माताजी भी."

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडताहेत. मग गमछा तोंडात धरला, तरी आवाज बाहेर आला. हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आईपुढं हात जोडले, पुन्हा हसले. आईही हसायला लागली, छातीवर उशी धरल्यासारखा हात दाबून, कारण टाके दुखत होते.

"तो फिर बैठक ही हुई," शेवटी ते म्हणाले. "तीये की ही हुई. कोई पूछेगा तो कह दूँगा, बैठक थी, तीसरे दिन वाली. झूठ थोड़े ही है." मग गमछ्यानं डोळे पुसून मला म्हणाले, "पाँच बजे तक. और सुनो, जिसके मरने की झूठी खबर उड़े, उसकी उमर बढ़ती है. ये तो आप लोग मानते हो ना?"

"हे आमच्याकडंबी म्हनत्यात," मी अर्थ सांगितल्यावर आई म्हणाली. त्यांना ते भाषांतराशिवाय कळलं.

आत जाऊन मुनीमजींनी टाळ थांबवायला लावले आणि उभं राहून सांगितलं की माताजी सुखरूप आहेत, आपल्याकडूनच समजण्यात चूक झाली, ज्यांना जायचं त्यांनी जावं, ज्यांना बसायचं त्यांनी बसावं. एकदम कुजबुज उठली. पांढऱ्या कुर्त्याचा तो पहिला माणूस "मज़ाक बना रखा है" म्हणत तडक निघाला, त्याच्याबरोबर आणखी दोघंतिघं गेले. मला त्यांचा राग आला नाही. मेलेल्या माणसासाठी दुकान सोडून आले होते, जिवंत निघाली तर चिडणारच. पण बायका उठल्या नाहीत. धीर धरा म्हणणारी ती बाई तर पुढं सरकली. आईकडं अशी बघत होती, जणू आई आत्ताच तिच्यासमोर उठून बसलीय.

सुभेदार काकांच्या नातीनं शास्त्रपाठ वाचला. ती जयपूरला जन्मलेली, मराठी हिंदीच्या अक्षरांवरून वाचते, ळ दिसला की ल म्हणते. काकांचं प्रवचन तयार होतं, पण घड्याळ बघून त्यांनी कागद खिशात घातला. "साक्ष," एवढंच म्हणाले.

आई उभी राहिली. चौथऱ्यावर गेली नाही, खालीच, क्रूसाच्या टेबलाला एक हात टेकून.

"सलाम," म्हणाली. सगळे सलाम म्हणाले. मग ती गप्प झाली. बराच वेळ. पेटीवाल्यानं उगाच भाता दाबला. मी चादरीचा कोपरा मुठीत धरला होता. आता खाली बसते की काय, असं वाटलं.

"मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "मी देऊळ झाडते."

 मग टेबलावरच्या कापडाची सुरकुती हातानं साफ करत, आमच्याकडं न बघताच बोलायला लागली.

"त्या खोलीत मला येकटीला ठेवलं व्हतं. नाकातोंडात नळ्या. प्रार्थना करावी म्हनलं तर कायबी आठवंना. रोजची हाय, ती बी न्हाई. सगळं पुसून गेल्यालं. मग मी म्हनलं, आपल्याला जे येतंय ते करावं. मनातल्या मनात आमचं देऊळ झाडायला घेतलं. दारापासनं. चपला बाजूला केल्या. सतरंज्या उचलून खालनं झाडू फिरवला, येका येका. खिडक्या झाल्या. ह्या अंगानं झालं, त्या अंगानं झालं. वेदीपतूर पोचले आन् हात चालंना. डोळ्यांवं अंधारी. तवा मी म्हनलं, प्रभू, येवढं ऱ्हायलंय. येवढं झाडायला मला माघारी धाड. धाडलंस तर उभी ऱ्हाऊन सांगीन. आन् त्यानं धाडलं."

 मला यातलं काहीही माहीत नव्हतं. दवाखान्याच्या दारात मी त्या रात्री काय काय बोलत होते देवाशी, हिशेब मांडत, शिकलेल्या माणसासारखी. आणि आत ही झाडत होती.

"आमेन," सुभेदार काका म्हणाले. आम्ही सगळे म्हणालो. मागून त्या बायकाही काहीतरी म्हणाल्या. काकांना वाटलं झालं, त्यांनी पेटीवाल्याकडं पाहिलं.

"थांबा," आई म्हणाली. "झालं न्हाई मपलं."

आणि मग तिचं तोंड उघडलं ते उघडलंच. दवाखान्यातली केरळची सिस्टर, तिला मराठी येईना आणि हिला हिंदी, तरी दोघी कशा भांडायच्या. बिनमिठाची डाळ. पहिल्यांदा चालवलं तेव्हा पाय कसे परक्याचे वाटले. वडील गेले तेव्हाची गोष्ट, जी मी पस्तिशी उलटल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. माझी परीक्षेची फी. माझा निकाल, पहिला वर्ग, हे तिनं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मागच्या बायकांकडं वळून आणि जरा मोठ्यानं, भाषा कळत नसेल तर निदान ऐकू तरी यावं म्हणून. मुनीमजी दारात उभे होते. पाच कधीच वाजून गेले होते. त्यांनी एकदा घड्याळाकडं बोट केलं, आईनं त्यांना हातानं बसा म्हणून सांगितलं, आणि ते बसले.

नवरा माझ्या कानात म्हणाला, "आता गावातल्या देवळाचं काही खरं नाही."

मला हसू आलं, आणि त्याबरोबर काहीतरी खांद्यांवरून खाली उतरलं. आईच्या छातीत दुखायला लागल्यापासून मी कुठं पाठ टेकून बसले नव्हते. दवाखान्यात नाही, ऑफिसात नाही, घरी जेवतानाही नाही. मी मागं सरकले, लोड ओढला आणि पाठ टेकली. पाय पसरले. चुकीचं काही होण्यासारखं आता उरलंच नव्हतं. आई बोलत होती.